हाताची किंमत आणि बाजारभाव

मुंबई सरकारने १९२१ साली मजूर-कचेरी स्थापन केली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून ‘लेबर गॅझेट’ हे तिचे मासिक प्रसिद्ध होऊ लागले, तेव्हा या शहरातील श्रमिकांच्या संसाराला प्रथमच एक अधिकृत मापन लाभले. १९१४ च्या जुलै महिन्यातील खर्च शंभर धरून, तांदूळ, ज्वारी, बाजरी, तूरडाळ, गूळ, रॉकेल, सरपण, धोतर आणि खोलीचे भाडे यांच्या चालू भावांवरून राहणीच्या खर्चाचा निर्देशांक महिन्याच्या महिन्याला काढला जाऊ लागला, आणि महागाई ही जी आजवर केवळ बायकांच्या कुरकुरीची व पुरुषांच्या संपाची बाब होती ती सरकारी दफ्तरात आकड्याच्या रूपाने रुजू झाली. यानंतर दोनच वर्षांनी, १९२३ च्या मार्चमध्ये, कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यावर गव्हर्नर-जनरलच्या संमतीची मोहोर उठली आणि १ जुलै १९२४ पासून त्याचा अंमल देशभर सुरू झाला. भाव मोजण्याची विद्या आणि तुटलेल्या हाताचे मोल ठरविण्याची विद्या अशा दोन्ही एकाच सुमारास उदयाला आल्या, एकाच कामगारवर्गाला उद्देशून आल्या, आणि तरीही पुढील शंभर वर्षांच्या दीर्घ कालावधीत त्या दोहोंची कायद्याच्या पुस्तकात रीतसर गाठ पडली नाही, ही आपल्या औद्योगिक इतिहासातील एक चमत्कारिक गोष्ट होय.

इजा झालेल्या किंवा कामी आलेल्या माणसाच्या घराची तजवीज करावी, ही कल्पना काही विलायतेहून कायद्याच्या ग्रंथांबरोबर गलबतातून उतरली असे नव्हे. लढाईत पडलेल्या शिपायाच्या अज्ञान मुलांच्या संगोपनासाठी ‘बालपरवेशी’ म्हणून नेमणूक करून दिल्याच्या नोंदी पेशवे-दफ्तरात आहेत. कोणाच्या वाट्याला रोख तनखा येई, कोणाच्या वाट्याला इनाम जमीन. या दोहोंतील अंतर त्या काळी कोणी शास्त्रीय परिभाषेत मांडले नसेल, परंतु ते घेणाऱ्याच्या अनुभवाला निश्चित येत असले पाहिजे. कारण धान्याचे भाव चढले म्हणजे इनामदाराच्या शेतातील पीकही त्याच मानाने मोलाचे होई, आणि ज्याच्या नावे सालिना ठराविक रुपये लिहिलेले असत त्याच्या घरातील दाणे मात्र त्याच मानाने घटत. अर्थात दुष्काळात इनाम जमीनही पिकत नसे, तेव्हा जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. शिवाय ही सारी औदार्यबुद्धी दौलतीच्या चाकरीत असलेल्यांपुरतीच होती, आणि विणकर, लोहार, पाथरवट यांचा हात गेला तर त्याची वास्तपुस्त करणारे कुटुंब आणि भाऊबंद यांपलीकडे कोणी नव्हते.

१८५६ साली कावसजी दावर यांची कापडाची गिरणी ताडदेवला सुरू झाली आणि पुढील तीस वर्षांत लालबाग-परळचा परिसर धुराड्यांनी भरून गेला, तेव्हा इजेचे स्वरूपच पालटले. वाफेच्या एकाच एंजिनापासून निघालेला लांबलचक लोखंडी दांडा छताखाली अखंड फिरत राही. त्याच्यावरून चामड्याचे पट्टे खाली एकेका यंत्राकडे उतरत. पट्टा निसटला म्हणजे तो बहुधा यंत्र न थांबविताच पुन्हा चढवावा लागे, आणि त्या खटाटोपात धोतराचा सोगा किंवा सदऱ्याची बाही अडकली तर माणूस त्याबरोबर वर ओढला जाई. कार्डिंग खात्यात दातेरी रुळांत बोटे जात, साचेखात्यात उडालेला धोटा डोळ्यावर येऊन बसे. अशा प्रसंगी कायद्याचे साहाय्य काय होते? १८५५ चा जीवघेण्या अपघातांसंबंधीचा कायदा होता. परंतु त्याखाली मृताच्या वारसांनी दिवाणी कोर्टात दावा लावून मालकाचा दोष शाबीत करावयाचा होता, आणि इंग्रजी न्यायशास्त्राने मालकाच्या हाती अशी काही कवचे दिलेली होती की त्यांतून पार जाणे वकील लावू शकणाऱ्यालाही दुष्कर होते. सहकाऱ्याच्या चुकीने इजा झाली तर मालक जबाबदार नाही. कामातील धोका कामगाराने जाणूनबुजून पत्करलेला असतो. कामगाराची स्वतःची हयगय असेल तर दावा बुडाला. जो कोकणातून आलेला गडी महिन्याअखेर वाण्याची उधारी कशीबशी फेडीत होता, त्याच्या विधवेला हा मार्ग मोकळा होता असे म्हणणे म्हणजे निव्वळ उपहास होय.

या पार्श्वभूमीवर नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईतील गिरणी-कामगारांच्या सभा भरवून फॅक्टरी कमिशनपुढे ठेवण्यासाठी जो अर्ज सिद्ध केला, आणि ज्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या-आंगठे केले, तो लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढीच कामाची वेळ, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, या चार मागण्यांची नावे शाळकरी पुस्तकांतूनही आढळतात, आणि त्यांतील पहिली १८९० साली प्रत्यक्षात आल्यामुळे तिचा उत्सवही होतो. पाचवी मागणी तेवढी लोकांच्या विस्मरणात गेली. कामावर असताना गंभीर इजा झाल्यास बरे होईतो पूर्ण पगार मिळावा, आणि कामगार जन्माचा अपंग झाला तर त्याच्या चरितार्थाची योग्य तजवीज व्हावी, अशी ती मागणी होती. तिच्यात रकमेचा उल्लेख नाही, टक्केवारी नाही, मुदत नाही. ‘चरितार्थ’ एवढेच माप तिने पुढे केले आहे. ‘दीनबंधू’च्या या संपादकाला निर्देशांकाचे गणित ठाऊक असण्याचा संभव नव्हता, परंतु चरितार्थ म्हटला की त्यात चालू भाव आलाच, हे ज्याने गिरणीत स्टोअर-कीपरची नोकरी केली होती त्याला कोणी शिकवावे लागत नव्हते. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये बिस्मार्कच्या जर्मनीत अपघात-विम्याचा कायदा झाला आणि पूर्ण अपंग झालेल्या कामगाराला वेतनाच्या दोन तृतीयांश इतके निवृत्तिवेतन मिळण्याची तरतूद झाली. बर्लिनच्या मुत्सद्द्यांनी समाजवाद्यांना शह देण्यासाठी जे वरून दिले ते मुंबईच्या कामगारांनी त्याच पावसाळ्याच्या अखेरीस खालून मागितले. देणाऱ्यांना आणि मागणाऱ्यांना परस्परांची वार्ता होती असे मानण्याचे कारण नाही.

मुंबईला मात्र यापुढे जवळजवळ चाळीस वर्षे थांबावे लागले. पहिल्या महायुद्धाने भाव भडकले, १९२० साली मुंबईचा निर्देशांक १९१४ च्या दुपटीच्या जवळ जाऊन पोचला, १९१९ आणि १९२० च्या जानेवारीत गिरण्या संपाने बंद पडल्या, आंतरराष्ट्रीय मजूर-संघटनेचा जन्म झाला, आणि नारायण मल्हार जोशी यांच्यासारखा कामगारांचा प्रतिनिधी मध्यवर्ती कायदेमंडळात जाऊन बसला. या साऱ्यांच्या संयोगातून १९२३ चा कायदा निघाला. त्याचे मोठे श्रेय असे की मालकाचा दोष शाबीत करण्याची अट त्याने काढून टाकली आणि दिवाणी कोर्टाऐवजी भरपाईच्या आयुक्तापुढे हे मामले नेले. मृत्यू आल्यास तीस महिन्यांचे वेतन किंवा अडीच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल ते. कायमचे व पूर्ण अपंगत्व आल्यास बेचाळीस महिन्यांचे वेतन किंवा साडेतीन हजार, यांपैकी जे कमी ते. तात्पुरत्या अपंगत्वात पहिले दहा दिवस सोडून, फार तर पाच वर्षे, दर पंधरवड्याला मासिक वेतनाचा चतुर्थांश. अंशतः अपंगत्वासाठी अवयवांची एक यादी जोडली होती. उजवा हात कोपराच्या वर गेला तर शेकडा ७०, डावा गेला तर ६०, एक पाय गुडघ्याच्या वर गेला तर ६०, एक डोळा ३०, अंगठा २५, तर्जनी १०. मनुष्यदेहाचे असे दरपत्रक वाचताना अंगावर काटा येतो हे खरे, पण कोर्टाच्या पायऱ्या झिजविण्यापेक्षा हे निर्दय दरपत्रकच गरिबाला अधिक दयाळू ठरले, हेही तितकेच खरे.

या कायद्यात दोन गोष्टी अशा होत्या की ज्यांचे दूरगामी परिणाम पुढे भोगावे लागले. पहिली ही की कायमच्या अपंगत्वाची भरपाई दरमहा न देता एकरकमी द्यावयाची ठरली. त्यामागील विचार अगदीच असमंजस नव्हता. रत्नागिरी, सातारा किंवा संयुक्त प्रांत येथून आलेला कामगार अपंग झाला म्हणजे गावी परतणार. त्याला मुंबईची गिरणी दरमहा पैसे पोचविणार कशी, आणि तो जिवंत आहे की नाही याचा दाखला घेणार कोणाकडून, असे तेव्हा मानले गेले. शिवाय कंपनी आज आहे आणि उद्या नाही, हा अनुभव मुंबईला पुष्कळ होता, तेव्हा मिळेल ते एकदम पदरात पडावे, हेही कामगाराच्या हिताचे वाटत होते. ही रक्कम सावकाराच्या घशात जाईल ही भीती कायदेकर्त्यांना होतीच, आणि म्हणून विधवा व अज्ञान मुले यांच्या वाट्याचा पैसा आयुक्ताने आपल्याकडे अनामत ठेवून गुंतवावा व हप्त्याहप्त्याने द्यावा, अशी सोय त्यांनी केली. सावकाराविरुद्ध कुंपण घातले गेले. भाववाढीविरुद्ध मात्र कोणी काही घातले नाही, कारण ती चोरी दाराने येत नाही.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. पंधरवड्याच्या हप्त्याचा पुनर्विचार करण्याची तरतूद कायद्याच्या सहाव्या कलमात होती, आणि मालक वा कामगार यांपैकी कोणीही दरखास्त करून तो हप्ता वाढवून, घटवून किंवा बंद करून घेऊ शकत होता. परंतु त्यासाठी कलमाने सांगितलेले कारण एकच होते, ते म्हणजे कामगाराच्या प्रकृतीत पडलेला फरक, आणि तोही डॉक्टरच्या दाखल्यानिशी. बाजाराच्या प्रकृतीत पडलेल्या फरकाला त्या कलमात जागा नव्हती. म्हणजे काळ जातो, परिस्थिती बदलते आणि एकदा ठरलेला आकडा पुन्हा तपासावा लागतो, हे तत्त्व कायद्याला मान्य होते. बदलणारी परिस्थिती एकट्या शरीराचीच असू शकते, एवढाच त्याचा समज होता.

हा दोष त्यावेळी कोणाच्या ध्यानात आला नाही याचे कारण इतिहासात आहे. कायद्याचा अंमल सुरू झाला तेव्हा भाव उतरणीला लागले होते. जागतिक मंदीने ते आणखी कोसळले, आणि १९३३ च्या सुमारास मुंबईचा निर्देशांक पुन्हा युद्धपूर्व पातळीच्या आसपास आला. ज्याने १९२५ साली भरपाईची रक्कम घेऊन ती सांभाळून ठेवली असेल त्याच्या रुपयाला दहा वर्षांनी अधिकच धान्य येत होते. उलट धडधाकट कामगारांचीच अवस्था बिकट होती. पहिल्या युद्धात मिळालेला महागाई भत्ता गिरण्यांनी १९३३-३४ मध्ये काढून घेतला आणि त्यावरून १९३४ चा मोठा संप झाला. मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटले कमिशनने १९३१ साली आपला अहवाल दिला आणि त्यानुसार १९३३ मध्ये कायदा दुरुस्त झाला, तेव्हा चर्चेचा सारा भर अगदी हलक्या पगाराच्या कामगाराला तुटपुंजी रक्कम मिळते यावर होता. महिन्यांच्या पगाराचा साधा गुणाकार जाऊन त्या जागी वेतनवर्गांचे कोष्टक आले. दहा रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्याला पूर्ण अपंगत्वाबद्दल ७०० रुपये, दोनशेहून अधिक वेतनाला ५,६००, आणि मधे पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारे आकडे. थांबण्याचे दिवस दहावरून सातावर आले. भाव पडत असताना कायम झालेले हे कोष्टक भाव चढू लागल्यावर काय करील, हा प्रश्न विचारण्याचे त्या वर्षी कोणालाच कारण नव्हते.

ते कारण १९३९ च्या सप्टेंबरात उत्पन्न झाले. निर्देशांकाचा पाया आता १९३३-३४ हा होता आणि युद्ध सुरू होण्यापूर्वी आकडा १०५ होता. युद्धाच्या पहिल्याच हिवाळ्यात भाव चढू लागले, न्यायमूर्ती रांगणेकर यांच्या समेट-मंडळाने दररोज दोन आण्यांचा भत्ता सुचविला, तो अपुरा म्हणून १९४० च्या मार्चमध्ये गिरणी-कामगारांनी सार्वत्रिक संप केला, आणि पुढे भत्त्याची सांगड निर्देशांकाशी घातली गेली. युद्धाच्या अखेरीस आकडा दुपटीच्या पलीकडे गेला होता, १९४८ पर्यंत तो तिपटीजवळ सरकला. औद्योगिक न्यायालयाने १९४७ साली गिरणी-कामगाराचे किमान मूळ वेतन २६ दिवसांना ३० रुपये ठरविले, आणि १९४८ मध्ये महागाई भत्त्याचे जे सूत्र घालून दिले ते या शहराच्या सामाजिक इतिहासातील एक अपूर्व वस्तू आहे: निर्देशांक १०५ च्या वर जितके अंश चढेल तितक्या प्रत्येक अंशाला दररोज १.९ पै. ज्याला हिशेब करून पाहावयाचा असेल त्याने पाहावा. तीस रुपयांच्या मूळ वेतनावर भाववाढीचा शेकडा नव्वद भाग त्यातून बरोबर भरून निघतो. पैच्या दशांशापर्यंत जाऊन महागाईची भरपाई करणारे हे सूत्र गिरणगावच्या चाळीचाळींत माहीत होते. दरमहा निर्देशांक जाहीर झाला की ज्याला सही येत नव्हती तोही त्या महिन्याच्या भत्त्याचा अंदाज बोटांवर सांगत असे.

आता साचेखात्यातील दोन कामगारांची कल्पना करा. एकाचा उजवा हात १९३९ च्या उन्हाळ्यात कोपराच्या वर गेला. त्याचे वेतन तीस रुपये. कोष्टकाप्रमाणे पूर्ण अपंगत्वाचे १,२६० आणि त्याचे शेकडा ७० म्हणजे ८८२ रुपये त्याला मिळाले. दुसऱ्याचा तोच हात, तशाच साच्यावर, १९४८ साली गेला. निर्देशांक २९० धरला तर त्याचा भत्ता साडेसत्तेचाळीस रुपयांच्या वर जातो, आणि भत्ता हा वेतनातच गणला जात असल्यामुळे एकूण वेतन सुमारे साडेसत्याहत्तर होऊन तो सत्तर ते ऐंशीच्या वर्गात बसतो. त्या वर्गाचे ३,३६०, आणि त्याचे शेकडा ७० म्हणजे २,३५२ रुपये. महागाईचे सूत्र अशा रीतीने मागल्या दाराने भरपाईच्या कायद्यात शिरले होते, पण ते केवळ नव्याने अपंग होणाऱ्यासाठी. पहिल्याने आपले ८८२ रुपये काटकसरीने पोस्टात जपून ठेवले असते तरी १९४८ साली त्यांतून जेमतेम तेवढाच बाजार झाला असता जेवढा १९३९ मध्ये सव्वातीनशे रुपयांत होई. हात दोघांचाही एकच गेला होता, आणि महागाई तर जो अधिक वर्षे हाताविना जगला त्यानेच अधिक सोसली होती.

या विषमतेचे मूळ केवळ कायदेकर्त्यांच्या विस्मृतीत शोधणे अन्यायाचे होईल. भरपाई देणारा जोवर एकेकटा मालक आहे तोवर तिला भावाशी जोडणे जवळजवळ अशक्यच असते, कारण दहा वर्षांनंतर किती देणे होईल हे ज्याला आज सांगता येत नाही असे ऋण कोणती गिरणी वहीत धरील आणि कोणती विमा-कंपनी पत्करील? चढत्या भावाचे ओझे वाहावयास चालू वर्गणीवर चालणारा सामुदायिक निधी लागतो; म्हणजे आज जे काम करीत आहेत त्यांच्या आजच्या, महागाईने फुगलेल्या वेतनातून जी वर्गणी येते तिच्यातून काल जखमी झालेल्यांचे देणे भागवावे लागते. जर्मनीला हा धडा १९२३ साली, म्हणजे आपला कायदा झाला त्याच वर्षी, मार्कचे मूल्य शून्यवत् झाले तेव्हा फार कठोरपणे मिळाला होता, आणि दुसऱ्या युद्धानंतर तेथील निवृत्तिवेतने वेतनमानाशी बांधली गेली त्यामागे ती आठवण होती.

आपल्याकडे अशा निधीची वाट प्राध्यापक बी. पी. अदारकर यांनी काढली. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर-सभासद असताना, १९४३ मध्ये, अदारकरांची कामगारांच्या आजारपणाच्या विम्याची योजना आखण्यासाठी नेमणूक झाली आणि १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्यावर आंतरराष्ट्रीय मजूर-संघटनेचे तज्ज्ञ स्टॅक आणि राव यांनी कामावरील इजा व प्रसूती यांचाही त्यात समावेश करावा असे सुचविले, आणि १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा त्यातून आकाराला आला. १९५२ च्या फेब्रुवारीत कानपूर व दिल्ली येथे आणि १९५४ च्या ऑक्टोबरात बृहन्मुंबईत ही योजना सुरू झाली. जन्माच्या अपंगाला एकरकमी पैशांऐवजी जन्मभर नियतकालिक लाभ द्यावयाचा, हा तिचा मोठा विशेष. लोखंड्यांच्या पाचव्या मागणीला सत्तर वर्षांनी मिळालेले हे पहिले खरे उत्तर होय. लाभाचा दर आरंभी वेतनाच्या निम्म्याच्या आसपास होता, आज तो शेकडा नव्वद आहे. परंतु तो दर इजेच्या वेळच्या वेतनावर एकदा ठरला की ठरला, असेच याही कायद्याने गृहीत धरले. निधी होता, वर्गणी वेतनाबरोबर वाढत होती, आणि तरीही लाभ आपोआप वाढण्याचे सूत्र कायद्यात नव्हते. भाव फार चढले म्हणजे ही योजना चालविणाऱ्या महामंडळाने जुन्या अपंगांच्या दरात अधूनमधून वाढ मंजूर करावी, असा परिपाठ पुढे पडला. ही वाढ मिळाली हे चांगलेच झाले, पण १.९ पैच्या सूत्रात कामगाराचा हक्क होता आणि या वाढीत मंडळाचा ठराव आहे, हा भेद लहान नाही.

निर्देशांकावर गिरणी-कामगाराची दृष्टी किती तीक्ष्ण होती याचा प्रत्यय १९६३ मध्ये आला. भाव उघडउघड चढत असता सरकारी आकडा मात्र मागे रेंगाळतो, ज्या दर्जाचे धान्य आणि ज्या भाड्याची खोली आकड्यात धरली जाते ती बाजारात मिळतच नाही, अशी तक्रार घेऊन मुंबईत मोठे आंदोलन उठले, आणि महाराष्ट्र सरकारला डॉ. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. समितीने आकडा खरोखरीच कमी दाखविला जात असल्याचे मान्य करून तो वाढवून दिला. आकडेशास्त्राच्या प्रश्नावर लाखो कामगारांनी रस्त्यावर यावे आणि शास्त्रज्ञांनी त्यांचे म्हणणे खरे ठरवावे, असे प्रसंग जगात थोडेच घडले असतील. पण त्या विजयाचा एक आणाही ज्याचा हात आदल्या वर्षी गेला होता त्याच्या भरपाईला लागला नाही. आणि खेदाची गोष्ट अशी की कामगार-चळवळीच्या मागण्यांतही त्याचे नाव क्वचितच दिसते. अपंग झालेला माणूस गावी गेलेला असे. तो युनियनची वर्गणी भरत नव्हता, संपात उतरत नव्हता, आणि निवडणुकीत गिरणगावचे मत देत नव्हता.

१९२३ च्या कायद्याची पुढची हकीकत उड्याउड्यांची आहे. महागाई भत्त्यामुळे वेतनाचा आकडा फुगला म्हणजे कामगार श्रीमंत न होताच कायद्याच्या वेतनमर्यादेबाहेर फेकला जाई, म्हणून ती मर्यादा तीनशेवरून १९४६ मध्ये चारशे, १९६२ मध्ये पाचशे आणि १९७६ मध्ये हजार रुपये करण्यात आली. सर्वोच्च भरपाईही त्याबरोबर वाढत जाऊन पूर्ण अपंगत्वाला १९६२ मध्ये १४,००० आणि १९७६ मध्ये ४२,००० झाली. दोन उड्यांच्या मधली चौदा-सोळा वर्षे भाव मात्र एकेक पायरी चढतच होते. १९८४ मध्ये वेतनमर्यादा उठवून कोष्टकही काढून टाकण्यात आले व त्या जागी वयाच्या गुणकाचे सूत्र आले. सोळा वर्षांच्या मुलाला २२८.५४ आणि पासष्टीच्या वृद्धाला ९९.३७ अशा उतरत्या गुणकांनी वेतनाच्या निम्म्याला गुणावयाचे. हे सूत्र पूर्वीच्या कोष्टकापेक्षा निःसंशय शहाणपणाचे होते, परंतु त्याच्या शेपटीला एक स्पष्टीकरण जोडलेले होते की वेतन कितीही असले तरी हिशेबापुरते ते हजारच धरावे. दारावरची मर्यादा काढली आणि ती आतल्या खोलीत नेऊन ठेवली. १९९५ मध्ये ती दोन हजार आणि निम्म्याऐवजी शेकडा साठ, २००० मध्ये चार हजार. आणि २००९ च्या दुरुस्तीने ‘वर्कमन’ जाऊन ‘एम्प्लॉयी’ आला व ही रक्कम वेळोवेळी अधिसूचनेने वाढविण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला, म्हणजे संसदेची वाट पाहण्याची अडचण तेवढी दूर झाली. दरम्यान गिरणी-कामगारांचा १९८२ चा संप होऊन गेला होता आणि ज्या साच्यांवर हे सारे गणित प्रथम मांडले गेले ते साचे एकामागून एक भंगारात निघाले होते.

प्रत्येक उडीनंतर एक प्रश्न आयुक्तांपुढे हटकून येई: अपघात जुना, निकाल नवा, मग दर कोणता? सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये केरळच्या वीज मंडळाच्या खटल्यात त्याचा निर्णय लावला की भरपाईचा हक्क अपघाताच्या दिवशीच उत्पन्न होतो, म्हणून त्या दिवशी जो दर असेल तोच लागू, नंतरची वाढ नाही. कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय सुसंगत आहे, कारण मालकाचे देणे ज्या दिवशी जन्मले त्याच दिवशी त्याचे माप ठरले पाहिजे. त्याचे फलित मात्र असे: मे २०१० पासून हिशेबाचे वेतन आठ हजार रुपये होते, ते जवळजवळ दहा वर्षे तसेच राहिले, आणि ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने पंधरा हजार झाले. चाळीस वर्षांच्या, दरमहा पंधरा हजार मिळविणाऱ्या कामगाराला २ जानेवारीला पूर्ण अपंगत्व आले असेल तर १८४.१७ या गुणकाने त्याची भरपाई ८,८४,०१६ रुपये होते. तोच अपघात एक दिवस उशिरा घडला असेल तर १६,५७,५३०.